सत्तावीस नंबरची डावी बाजू

जगन कायमचा घरी येऊन महिना होत आला, तरी रुपाला तो अजून पाहुणाच वाटत होता. आणि पाहुणा तरी कसा, एका जागी बूड न टेकणारा. चहा हातात दिला की कप घेऊन दारात जाई, दारातून अंगणात, अंगणातून गोठ्यापर्यंत, आणि परत येईपर्यंत चहा थंड. वीस वर्षं हवाई दलात विमानांच्या देखभालीवर काढून तो चाळिशीत घरी आला होता. पेन्शन सुरू झाली होती, शेत थोडकं का होईना होतं, मुलगी राही कल्याणला मावशीकडे राहून बारावी करत होती. कुणालाही वाटावं, आता माणूस निवांत बसेल. पण निवांत बसणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

सकाळी उजाडलं की तो अंगणाच्या एका कडेला उभा राहायचा, मान खाली घालून सरळ रेषेत दुसऱ्या कडेपर्यंत चालत जायचा, मग हातभर बाजूला सरकून तसाच परत. वाटेत खिळा, तारेचा तुकडा, बाटलीचं बूच, जे सापडेल ते उचलून खिशात. शेजारची रखमी कुंपणावरून विचारायची, "काय गो रुपा, तुझ्या घोवाचं रोज काय हरवतं?"

रुपा हसून वेळ मारून न्यायची. तिला तरी कुठं ठाऊक होतं?

टोकावड्याच्या पुढं, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत त्यांची वाडी. लग्न झालं तेव्हा जगन दोन महिने तिला आपल्याबरोबर क्वार्टरमध्ये घेऊन गेला होता. तेवढ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि रुपा जी परत आली ती आलीच. सासूबाईंचं सगळं तिनं केलं. भात लावलं, कापलं, राहीला वाढवलं, पावसात उडालेले पत्रे बसवून घेतले. जगन वर्षातून दोनदा यायचा, आणि सुट्टीतले पहिले चार दिवस झोपून काढायचा. "काय काम करता तिथं?" असं तिनं सुरुवातीला विचारलं होतं. "विमानाचं," तो म्हणाला होता. पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं.

मग एका रविवारी शहापूरहून वाल्मिक आला. तोही हवाई दलातलाच, जगनच्या आधी निवृत्त झालेला. शहापूरला त्यानं भरतीसाठी तयारी करून घेणारी अकॅडमी काढली होती. येताना गाडीतून एक मोठा खोका घेऊन आला. आत प्लॅस्टिकचे शेकडो बारीक भाग, ते जोडून हातभर लांबीचं लढाऊ विमान तयार व्हायचं होतं.

"नव्या हॉलमध्ये मधोमध ठेवायचं," वाल्मिक म्हणाला. "पोरांना दिसलं पायजे कसं असतं ते. उभं असलेलं कर, चाकांवर. आणि जगन, आठवड्यातनं तीन दिवस शिकवायला ये. घरी बसून काय करणार?"

घरी बसून काय करणार, हे त्यानं रुपासमोर विचारलं आणि तिला उगाच टोचलं. पण त्या दिवसापासून जगनचे हात कामाला लागले. ओटीवर खिडकीपाशी त्यानं टेबल मांडलं. भाग घासायचे, जोडायचे, रंग द्यायचा. दोन आठवड्यांत विमान उभं राहिलं. राखाडी रंगाचं, टोकदार नाकाचं, अंगावर सत्तावीस आकडा लिहिलेलं. चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना लाकडी अडणी, बाजूला उतरायची शिडी. रुपाला ते आवडलं. वाटलं, झालं एकदाचं, आता माणूस शांत होईल.

तर खरी चुळबुळ तिथूनच सुरू झाली.

विमान पुरं झालं होतं, पण जगन त्याच्या मागंच लागला होता. पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या होत्या, शेपटीला दोन बाजूंना दोन लहान पंख. त्या पट्ट्या तो ब्लेडनं सोडवायचा, जराशा खाली करून डिंकाच्या थेंबानं परत लावायचा, दूर जाऊन डोळे बारीक करून बघायचा, आणि पुन्हा सोडवायचा. जेवता जेवता उठायचा. एकदा तर हात धुऊन आला, टेबलाशी उभा राहिला आणि ताटाकडे परत फिरकलाच नाही.

"अवो, काय करताय काय त्याचं? चांगलं तर हाय."

"चांगलं नाय. खोटं दिसतंय."

"म्हंजे?"

"तुला नाय कळायचं ते," तो म्हणाला. रागानं नाही, नेहमीच्याच सुरात. त्या नेहमीच्या सुराचाच तिला राग आला. ती भांडी घासायला बसली, आणि त्या दिवशी भांडी जरा जोरात वाजली.

वाल्मिक रविवारी विमान न्यायला येणार होता. शनिवारी खळ्यावर भात झोडायचं काम लागलं. वाडीतल्या लडकूचं ट्रॅक्टरवरचं मळणी मशीन आलं होतं. त्याची घरघर, उडणारं तूस, सगळ्या वाडीवर पिवळट धूळ. जगन सकाळीच जीप पकडून मुरबाडला गेला होता. विमानाला शेवटचा हात द्यायला कसलंसं चमक नसलेलं वार्निश हवं होतं आणि वाहून न्यायला भक्कम खोका. जाताना विमानावर जुनी ओढणी टाकून गेला.

दुपारी रुपा खळ्यावरून घरात आली तेव्हा खिडकीतून आलेलं तूस टेबलभर पसरलं होतं आणि ओढणी खाली पडली होती. मांजर कोपऱ्यात अंग चाटत बसलेलं. रुपा लगबगीनं पुढं झाली. विमानाजवळ जाऊन बघते तर शेपटीचे दोन्ही लहान पंख मागच्या बाजूनं खाली कललेले. मोठ्या पंखांच्या पट्ट्या लोंबलेल्या, त्यात डावी तर उजवीपेक्षा जास्तच खाली. पोटाखालचं एक झाकणही अर्धवट उघडं.

जगन पट्ट्या जराशाच खाली करायचा, एवढ्या नाही. मेलं मांजर चढलं असणार टेबलावर. रविवार उद्यावर आला होता. जगन आला की आधी घरभर फिरेल, मग तोंड पाडून बसेल, आणि बोलणार तर काहीच नाही. त्यापेक्षा आपणच नीट केलं तर? फुटलेली परडी, चपलेचा अंगठा, राहीची कंपासपेटी, काय काय जोडलं होतं तिनं इतक्या वर्षांत. राहीच्या कपाटात फेविक्विकची ट्यूब होती. रुपानं हात धुतले, पदरानं कोरडे केले, श्वास रोखून एकेक पट्टी वर ढकलली. कुठं कट्‌ असा बारीक आवाज झाला. तिनं थेंब टाकला, दाबून धरलं. शेपटी सरळ केली, झाकण बंद केलं. मग कापडानं तूस अलगद पुसलं. विमान आता कसं टापटीप दिसत होतं, जणू आत्ता उडेल. ती स्वतःवरच खूश झाली.

ऊन कलताना जगन आला. खोका दाराशी ठेवला आणि टेबलाकडे वळला. रुपा चुलीपाशी होती, पण कान तिकडेच.

पावलं टेबलापाशी थांबली.

"हे कुणी केलं?"

"मांजर चढलं होतं. सगळं लोंबत होतं, मी नीट चिकटवलं," ती म्हणाली. "बघा, कळतं तरी का?"

त्यानं बोटाच्या टोकानं डावी पट्टी हलवून पाहिली. ती दगडासारखी पक्की. त्यानं शेपटी पाहिली. मग चपला सरकवल्या आणि बाहेर पडला.

ओरडला असता तरी चाललं असतं. रुपा चहाचं आधण उतरवून दारात आली. तो वाडीच्या वाटेनं रस्त्याकडे निघाला होता, हात मागं बांधून, भरभर. ती आत आली, परत बाहेर गेली. तांदूळ निवडायला घेतले, सूप बाजूला ठेवलं. विमानाकडे पाहिलं. काय बिघडलं होतं त्यात? सगळं जागच्या जागी, सरळ. वाकडं होतं ते तर आधी. आणि तिला एकदम वाटलं, हा असाच चालत रस्त्याला लागेल, येईल ती एसटी धरेल, आणि आपण परत तशाच. तिनं पदर खोचला आणि त्याच्यामागं निघाली.

तो रस्त्यापर्यंत गेलाच नव्हता. खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला होता. मशीन बंद झालं होतं, माणसं पांगली होती. लडकूचा ट्रॅक्टर तेवढा बाजूला उभा होता.

"मोडलं काय माझ्या हातून?" तिनं उभ्यानंच विचारलं.

"नाय."

"मग तोंड का पाडलंत? लोंबत होतं ते सरळ केलं मी. गुन्हा केला?"

"ते लोंबायलाच पायजे होतं, रुपा. मी मुद्दाम तसं केलं होतं. दोन आठवडे तेच तर चाललंय माझं."

"मुद्दाम? मोडक्यासारखं?"

"जाऊ दे. तुला..."

"नाय कळायचं!" तिचा आवाज चढला. "वीस वर्सं मला नाय कळायचं! तुमी बोललात कधी? लोक विचारायचे, तुझा नवरा काय करतो तिथं, तर मी सांगायची विमानाचं. विमानाचं म्हंजे काय? धुतो, पुसतो, चालवतो? मला तरी कुठं म्हायती? आता घरात बसून त्याच्या पट्ट्या वरखाली करता, जेवण टाकून उठता, आणि मी एक थेंब डिंक लावला तर उठून चालायला लागता. सांगा आता. मी इथंच उभी हाय."

जगननं तिच्याकडे पाहिलं. मग नजर खाली घालून पायाजवळची काडी उचलली, तिचे दोन तुकडे केले.

"विमानाच्या पंखाला मागं जे हलतं ना," तो सावकाश बोलू लागला, "ते पायलटच्या हाताच्या जोरावर नाय हलत. आत नळ्या असतात, नळ्यांत तेल असतं. इंजिन चालू असलं की तेलाला दाब येतो, तो त्या पट्ट्या धरून ठेवतो. इंजिन बंद झालं की दाब हळूहळू उतरतो. मग धरणारं कुणी नाय. आपल्याच वजनानं ते खाली येतं. एकदम नाय, सावकाश. अर्ध्या तासात थोडं, रात्रभरात पुरतं."

रुपानं मान वळवून लडकूच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं.

"म्हंजे त्याला मागं माती फोडायला जोडतात त्या रोटाव्हेटरसारखं?" ती म्हणाली. "लडकू संध्याकाळी वर उचलून ठेवतो आणि सकाळी बघावं तर जमिनीला टेकलेला असतो. तसंच ना?"

जगनच्या हातातली काडी तशीच राहिली. मग तो हसू लागला. घरी आल्यापासून पहिल्यांदा, खांदे हलवत.

"तसंच! अगदी तसंच. नव्या पोरांना हे समजवायला मी फळ्यावर चित्रं काढायचो गो."

"मग ते सरळ का नाय ठेवायचं? दिसायला तर सरळच बरं दिसतं."

"सरळ म्हंजे इंजिन चालू. आणि मी तर चाकांना अडणी लावलीय, शिडी लावलीय, आत कुणी नाय. मग धरलंय कुणी त्याला? ज्यानं रोज बघितलंय त्याला ते खोटंच दिसणार."

ती त्याच्या शेजारी भाऱ्यावर बसली. "आणि डावं जास्त खाली? ते तरी मांजरानं केलं होतं ना?"

"नाय. सत्तावीस नंबर माझ्याकडं चार वर्सं होतं. त्याची डावी बाजू उजवीच्या आधी उतरायची, जास्त उतरायची. आत कुठंतरी तेल जरा जास्त झिरपायचं, पण चालण्याइतकंच, मापात. बाकीची विमानं तशी नव्हती. तेवढंच एक."

दोघं घरी आली. त्यानं दिवा टेबलाजवळ ओढला, बारीक दातांची करवत काढली, पण डावी पट्टी कापताना विमान टेबलावर सरकू लागलं.

"धरू?" रुपा म्हणाली.

"धर. पंखाला नको, पोटाला धर. हां, असं. दाबू नको."

तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत विमान धरलं. तो फेविक्विकचा थर खरवडत होता आणि ती विचारत होती. एक झालं की दुसरं. शेपटी कशी पडते? मागून खाली. पोटाखालचं झाकण? तेही लोंबतं, तो हवेतला ब्रेक. आणि हा उभा, शेपटीवरचा?

"रडर. तो सरळच."

"का? त्याला तेल नाय?"

"तेल हाय. पण तो दारासारखा उभा बसवलेला. त्याला खाली पडायला जागा कुठंय?"

तिला ते पटलं. "मग रोज उठून पट्ट्या वरखाली का करत होतात? तुमाला तर सगळं ठाऊक."

तो थांबला. "वेळ ठरत नव्हती. आत्ताच आकाशातून उतरलेलं दाखवायचं तर सगळं जवळपास सरळ. संध्याकाळचं दाखवायचं तर अर्धं. सकाळचं तर पुरतं खाली. आणि मला नक्की किती ते आठवेना. रोज बघायचो, तरी आठवेना. दोन महिन्यांत विसरलो की काय, असं व्हायचं. झोप नाय लागायची."

"मग कधीचं ठरवलंत?"

"सकाळचं. पहाटे मी पयला जायचो त्याच्याजवळ. आधी सगळी जागा चालत बघायची, खिळा-बिळा पडलाय का. इंजिननं तो आत ओढला की संपलंच. मग विमानाभोवती एक फेरी. कुणी बोलणारं नसायचं. बरं वाटायचं."

आता कुठं रुपाला अंगणातल्या त्या फेऱ्यांचा अर्थ लागला. पण ते बोचलंही. ती इथं पहाटे उठून पाणी भरत होती, तेव्हा याला तिथं बरं वाटत होतं.

"राहीला साप चावला तेव्हा मी किती फोन केले," ती म्हणाली. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "जीपमध्ये तिला मांडीवर घेऊन मुरबाडपर्यंत फोनच लावत होते. तुमी उचलला नाय. मग म्हणालात, ड्यूटीवर होतो. ड्यूटीवरचा माणूस फोन उचलत नाय काय?"

जगननं करवत खाली ठेवली.

"फोन आत न्यायला देत नाय, रुपा. बाहेर कपाटात कुलूप लावून ठेवायचा. खिशात नाणंसुद्धा चालत नाय. मी सत्तावीसच्या पोटाखाली होतो. बाहेर आलो तेव्हा तुझे कॉल बघितले. परत लावला तर तू बोललीस, इंजेक्शन दिलं, शुद्धीवर हाय. मग मी तिथंच खाली बसलो. मला उठवायला दोघं आले."

"हे बोलला नायत कधी."

"तू रडत होतीस. वाटलं, आता माझं काय सांगायचं."

रुपाचे हात अवघडले होते, पण तिनं विमान सोडलं नाही. इतकी वर्षं ती मनात एक वाजणारा फोन घेऊन फिरत होती, आणि फोनच्या पलीकडचा माणूस तो ऐकून न उचलणारा होता. कपाट, कुलूप, हे त्यात कधी आलंच नव्हतं. राग एकदम जात नाही, तसा तो गेलाही नाही. पण त्याला धरायला आता जागा राहिली नव्हती.

"घ्या करवत," ती म्हणाली शेवटी. "उद्या भावजी येतील."

डावी पट्टी तिनंच धरली. तो सांगत होता, अजून खाली, अजून केसभर, बस. ती श्वास रोखून बसली. डिंक सुकेपर्यंत तिच्या बोटांना मुंग्या आल्या.

रविवारी वाल्मिक आला. विमानाभोवती फिरला, वाहवा केली, मग वाकून थांबला. "जगन, डावा फ्लॅप जास्त पडलाय बघ. फोटोत दोन्ही सारखे असतात. पोरं म्हणतील सरांना लावता येत नाय. एवढं सारखं करून टाक."

जगन टेबलाशी आला. त्याचा चेहरा परत तसाच झाला, दोन आठवडे होता तसा. "करू म्हणतोस?" तो पुटपुटला आणि ब्लेड उचललं. "मला पण वाटतं कधीकधी, मी चुकीचं तर नाय ना आठवत..."

"ठेवा ते," रुपा म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले. ती टेबलापाशी आली. "भावजी, फोटोतलं विमान कंचं असेल ते असेल. हे सत्तावीस नंबर हाय. ह्याची डावी बाजू जास्तच उतरायची. पोरांनी विचारलं तर बरंच, हे सांगतील त्यांना. सांगायला नकोत काय कुणाला तरी?"

वाल्मिकनं परत एकदा वाकून डावी बाजू पाहिली. "चार वर्सं तुझ्याकडंच होतं ना रे सत्तावीस?" त्यानं जगनला विचारलं. जगननं मान हलवली आणि ब्लेड डब्यात ठेवलं. "मग राहू दे," वाल्मिक म्हणाला. "वहिनी, तुमी पण चला. कुणीतरी मांडीवर धरायला पायजे, किन्हवलीकडचा रस्ता खराब हाय."

रुपा गाडीत मागं बसली, खोका मांडीवर घेऊन. सरळगावाहून किन्हवलीकडे वळल्यावर प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वरखाली होत होता. झाकण उचलून ती पुन्हा पुन्हा आत बघत होती. जगन पुढच्या सीटवरून दर दोन मिनिटांनी मागं वळत होता. दोघांची नजरानजर झाली की ती नुसती मान हलवायची.

हॉल नवा होता, चुन्याचा वास अजून गेलेला नव्हता. मधल्या टेबलावर विमान ठेवलं तशी मुलं-मुली भोवती जमली. शहापूरची, तानसाकडची, डोंगरातल्या पाड्यांवरची. एका मुलीनं विचारलंच, "सर, हे असं खाली का पडलंय?"

जगन आधी अडखळला. खिशात हात घातला, बाहेर काढला. मग म्हणाला, "ट्रॅक्टर कुणाकुणाकडं हाय?"

सात-आठ हात वर झाले. तो बोलू लागला. बोलता बोलता टेबलाभोवती चालू लागला, हातानं पट्टी उतरवून दाखवू लागला, सत्तावीसच्या डाव्या बाजूवर आला, पहाटेच्या फेरीवर आला. रुपा भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. यातलं बरंच तिला काल कळलं होतं, काही आज पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते परक्या पोरांच्या बरोबरीनं कळत होतं याचं तिला थोडं वाईटही वाटत होतं.

समोरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. मुरबाडकडची एसटी आता डेपोतून सुटायला आली असेल. घरी म्हशीचं दूध काढायचं होतं, खळ्यावर भात उघडंच होतं. ती खुर्चीच्या कडेला सरकली, त्याला खूण करावी म्हणून हात अर्धा उचलला. जगन फळ्याकडे वळला होता. खडू घेऊन त्यानं एक नळी काढली, मग दुसरी.

रुपानं हात खाली घेतला. फोन काढून रखमीला लावला. "रखमे, म्हस तेवढी बघ गो आज," ती हळू आवाजात म्हणाली. "आमाला उशीर होईल."